दसऱ्याची अंघोळ

कृष्णाबाईच्या अंगणात कावळासुद्धा पाय पुसून उतरतो, असं वसईजवळच्या जूचंद्रात म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं तरी काय चुकलं? पाहुण्याने चहाचा कप खाली ठेवला रे ठेवला की तो धुऊन पालथा घातलेला असायचा. एकदा निवडणुकीत मतं मागायला आलेला एक पुढारी चिखलाच्या चपला घालून ओटीवर चढला. बाईने त्याला मत द्यायचं कबूल केलं आणि तो बोलत असतानाच त्याच्या पायाखालची फरशी पुसून काढली. बिचारा एका पायावर उभा राहून विकासाच्या गोष्टी सांगत होता.

ही सवय तिला मिठागराने लावली. सासरचं मिठागर होतं, आणि तिथे स्वच्छता म्हणजे काही हौस नव्हती. चिखलाचा एक पाय पडला तर पांढरी रास मळकी दिसते आणि महिनाभराची मेहनत मातीत जाते. त्यात जूचंद्र म्हणजे रांगोळीचं गाव. पोरींच्या चिमटीत लहानपणापासून रांगोळी असते. कृष्णाबाई नवरा गेल्यावर आणि मिठागर बंद पडल्यावर वालीवला कारखान्यात लागली, तेव्हा तिच्याजवळ एवढंच भांडवल होतं. पांढऱ्या रंगावरची माया आणि ठरल्या जागी पडणारी बोटं.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. मालक पापडीचा फ्रेडरिक. माणूस देवभोळा, पण हिशेबाच्या वेळी देवाला बाहेर बसवणारा. तिथे धूळ गाळायच्या पिशव्या शिवायचे. आधी पिठाच्या गिरण्यांच्या, मग सिमेंट कारखान्यांच्या. पिशवी म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी केली तर होईल एवढा लांबलचक अभ्रा, जाड नमद्याचा, म्हणजे लोकरीसारख्या दाबीव कापडाचा. तो तारेच्या पिंजऱ्यावर चढवायचा आणि बंद खोलीत ओळीने टांगायचा. धूर बाहेरून आत शिरतो, धूळ कापडाच्या अंगावर राहते आणि नुसती हवा वर निघून जाते. कृष्णाबाईला हे समजायला फार वेळ लागला नाही. आपण चहा गाळतो, हे लोक हवा गाळतात.

काही वर्षांत ती शिवणाऱ्या बायांची मुकादम झाली. तिच्या हाताखालच्या बाया तिला घाबरायच्या, तिच्या मागे तिची नक्कलही करायच्या आणि घरात काही झालं की पहिल्यांदा तिच्याकडेच यायच्या. पिशवीच्या तळाची शिवण मात्र ती दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसे. "टाका ढिला, त बाई ढिली," हे तिचं ठरलेलं वाक्य. दसऱ्याला तर तिच्यात देवीच संचारायची. आदल्या दिवशी सगळी शिवणयंत्रं घासूनपुसून, फरशी धुऊन, बायांच्या अंगातला जीव काढून ती शेड अशी लख्ख करायची, की फ्रेडरिक दारातच चपला काढायचा. मग प्रत्येक यंत्राला झेंडूचा हार आणि हळदकुंकू. फ्रेडरिक चर्चला जाणारा माणूस, पण त्या दिवशी नारळ तोच फोडायचा.

कृष्णाबाईची एकुलती एक लेक स्वप्नाली. तिचा नवरा कल्पेश कामाला वाघ, पण तोंडाने गाय. त्याला कोळशाच्या खाणींच्या मुलखात एका वीजकेंद्रावर ठेकेदाराकडे नोकरी लागली आणि लेक दूर गेली. तिकडून फोन यायचा तो कारखान्यात, फ्रेडरिकच्या टेबलावर, आणि दर वेळी रडगाणं एकच असायचं.

"आये, इथं सकाली रांगोली घातली की दुपारी राखाडी होते. दोरीवरचे कपडे झटकले की धूर उडतो. उन्नतीचा खोकला जात नाय."

उन्नती म्हणजे नात, तेव्हा चार वर्षांची. आजीच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं. पण काय करणार? चिमणीला जाऊन पदर बांधायचा?

आणि गंमत बघा, नेमकं तेच करायची वेळ आली! त्या वीजकेंद्राच्या जुन्या युनिटची राख फार व्हायला लागली, वरून हुकूम आले, आणि तिथे पिशव्यांची गाळणखोली बांधायचं ठरलं. फ्रेडरिकने धावपळ करून ते काम मिळवलं. कारखान्याच्या जन्मात एवढं मोठं काम आलं नव्हतं. सगळ्या शेडने पावसाळाभर तेच शिवलं. कृष्णाबाई प्रत्येक तळ शिवताना मनात म्हणायची, ही माझ्या उन्नतीची, ही पण माझ्या उन्नतीची. पिशव्या तिकडे गेल्या, टांगल्या गेल्या आणि त्यांची निगा राखायचं काम फ्रेडरिकच्या शब्दावर ठेकेदाराने कल्पेशलाच दिलं. सुरुवातीला थोडे दिवस धूर दिसला. मग चिमणी अशी शांत झाली की स्वप्नालीने फोनवर विचारलं, "आये, ही बंद पडली का काय?" उन्नतीचा खोकलाही उतरला. कृष्णाबाईने गावच्या चंडिकादेवीची ओटी भरली आणि ही गोष्ट वालीवच्या चहावाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झाली.

असं एक वर्ष गेलं आणि दसरा आला.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला ते युनिट मोठ्या दुरुस्तीसाठी बंद होतं. फोनवर कृष्णाबाईने जावयाला सहज विचारलं, "माझ्या पिशव्या कशा हायेत?"

"राखेनं माखल्यात, मामी. जाड थर बसलाय."

"आनि अशाच पुजनार दसऱ्याला?" बाईचा आवाज चढला. "लाज नाय वाटत? आपन इथं सुईसुदा पुसून पुजतो. आता बंदच हाय ना सगलं? मग काढ खाली, झटक, धू, उन्हात वालव. माझ्या हातच्या पिशव्या हायेत त्या. दसऱ्याला त्यांना अंघोल घाल!"

सासूचा शब्द, त्यात दसरा. कल्पेशने माणसं लावली. पिशव्या उतरवल्या, झोडपल्या, हौदात बुडवून ब्रशने घासल्या. गच्चीवर पांढऱ्या पिशव्यांच्या रांगाच्या रांगा वाळत होत्या आणि जाणारायेणारा म्हणत होता, वा, काय काम आहे! ठेकेदाराच्या मुकादमाने पाठ थोपटली. गाळणखोलीचे साहेब वरखेडे दसऱ्यासाठी रजेवर गावी गेले होते. ते परत आले तेव्हा पिशव्या जागच्या जागी टांगलेल्या होत्या आणि लोखंडी दाराला झेंडूचा हार सुकत होता. स्वप्नालीने फोनवर कौतुकाने सांगितलं, "आये, नव्यासारख्या दिसतात गं!" आणि कृष्णाबाईची छाती दोन वितींनी फुगली.

युनिट सुरू झालं आणि चिमणी धूर ओकायला लागली.

काळाकुट्ट नव्हे, बारीक, राखाडी, डोळ्यांना जेमतेम दिसणारा, पण घशात जाऊन बसणारा. तो एका दिवसात थांबला नाही, दोन दिवसांत थांबला नाही. वीजकेंद्राचा फोन आला तेव्हा फ्रेडरिक उभा होता तो खुर्चीत बसला. पिशव्या गळतात म्हणे. शिवणच कच्ची आहे म्हणे. सगळ्या उतरवून दुसऱ्या कंपनीच्या बसवणार आणि वालीवच्या मालावर कायमचा नापासाचा शिक्का मारणार.

"मावशी," फ्रेडरिक म्हणाला, "ही बातमी बाहेर गेली तर सिमेंटवालेही पाठ फिरवतील. शेडला कुलूप लावावं लागेल."

शेडमध्ये ज्या बाया होत्या त्यांतल्या निम्म्यांच्या घरात ही एकच कमाई होती. कृष्णाबाईचं डोकं असं फिरलं की विचारू नका. ती बायांवर तुटून पडली. कोणी ढिला टाका घातला? कोणाचं लक्ष गप्पांत होतं? एकीला तर एवढं बोलली की ती पोर मोरीत जाऊन रडली. मग शिल्लक राहिलेल्या पिशव्या काढून सगळ्यांनी शिवण न् शिवण तपासली. दोरा पक्का, टाका पक्का. दोष सापडेना, म्हणून बाई आणखीच चिडली. हिंदीत म्हणतात तसं, घर का भेदी कोण ते कळेना.

भेदी कोण ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. स्वप्नालीचा फोन आला. उन्नतीला पुन्हा धाप लागत होती. "दसऱ्यापासूनच सुरू झालंय गं आये. आनि यांनी तर एवढ्या घासून धुतल्या होत्या पिशव्या. नव्यासारख्या!"

नव्यासारख्या. कृष्णाबाईच्या हातात फोन तसाच राहिला. नव्या होत्या तेव्हाही सुरुवातीला धूर आलाच होता. तेव्हा फ्रेडरिक म्हणाला होता, मावशी, घाबरू नका, राखेचा थर बसला की थांबेल. खरी गाळणी तो थर असतो, कापड नुसतं त्याला धरून ठेवतं. तिने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं. आता रांगोळीवाल्या बाईला ते लख्ख दिसलं. गुळगुळीत फरशीवर रांगोळी टाकली तर घसरते. आधी गेरूचा हात द्यावा लागतो, मग ती धरते. आणि आपण तो हातच पुसून टाकायला लावला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. बायांना शिव्या घातल्या आणि धोंडा आपणच मारला होता, तोही स्वतःच्या नातीच्या पायावर.

आता सांगायचं कोणाला? खरं बोललं तर पिशव्या निर्दोष ठरतात, कारखाना वाचतो, पण कल्पेशची नोकरी जाते. गप्प बसलं तर कल्पेश वाचतो आणि शेड बुडते. इकडे आड, तिकडे विहीर. फ्रेडरिक वीजकेंद्रावर निघाला होता, बोलणी करायला. कृष्णाबाई म्हणाली, "मी पन येते. शिवन माझी हाय." त्याला वाटलं, बाई शिवणीची बाजू मांडायला येतेय.  प्रवासात फ्रेडरिकने पापडीहून आणलेली केळी पुढे केली तर तिने ती घेतली नाहीत. तेव्हाच त्याला काहीतरी शंका आली असणार.

सकाळी लेकीच्या दारात पोचली तेव्हा स्वप्नाली अंगण झाडत होती. कालच्या रांगोळीवर साय धरावी तशी राख बसली होती. आत उन्नती खोकत होती. तिच्या बरगड्या आत-बाहेर होत होत्या. कृष्णाबाईने पोरीला उराशी धरलं आणि तिला भडभडून आलं.

कल्पेश खाली मान घालून उभा होता. त्याला कारण कळून चुकलं होतं, पण साहेबांनी विचारल्यावर त्याने दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटलं होतं. हौदावर पिशव्या घासताना पाहिलं सगळ्यांनी होतं, बोललं कोणी नव्हतं. मुकादमानेच दम भरला होता, की तोंड उघडाल तर सगळे जाल.

"मामी, पाया पडतो, तुमी काय बोलू नका," तो म्हणाला. "दुसऱ्या पिशव्या येतील. होईल सगलं नीट."

"कधी येतील?"

"तीन-चार महिने लागतील."

"आनि तवर ही पोर काय खाईल? राख?"

स्वप्नाली मध्ये पडली. "आये, तुला शेठ मोठा का लेक मोठी? एवढंच सांग."

असा प्रश्न कोणत्याही आईला कोणी विचारू नये. कृष्णाबाईने उन्नतीचं तोंड पुसलं, पदर खोचला आणि फ्रेडरिकबरोबर साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

वरखेडे साहेब सरळ माणूस होता, पण वैतागलेला. त्यांच्यासमोर धीर सुटलेला फ्रेडरिक शिवणीच्या चाचण्यांबद्दल सांगत होता. साहेब मान हलवत होते. "धूर दिसतोय ना डोळ्यांनी? मग चाचण्या घेऊन काय करू? उद्याच दुसऱ्या कंपनीला काम देतो."

"साहेब," कृष्णाबाई मध्येच म्हणाली, "पिशव्या धुतल्यात."

"काय?"

"दसऱ्याला. खाली काढून, हौदात घासून. थर निघून गेलाय."

 साहेब हळूच म्हणाले, "कोणी धुतल्या?"

"मी."

"अहो बाई, तुम्ही तर वसईला होतात!"

"हात जावयाचे होते, जीभ माझी. मीच फोनवर सांगितलं. तो नको म्हनाला असता तरी मी ऐकलं नसतं. काय बोलायचं ते मला बोला."

आणि साहेब बोलले. चांगलं अर्धा तास बोलले. कल्पेशला बोलावलं, मुकादमाला बोलावलं, दसऱ्याला बोलावता आलं असतं तर त्यालाही बोलावलं असतं. "वर्षभर जमलेला थर तुम्ही ब्रशने घासून काढलात? पूजा करायची तर दाराची करा, उंबरठ्याची करा, माझी करा!" मग जरा शांत झाल्यावर पाणी प्यायले आणि बाईला समोर बसवून नीट सांगितलं. पिशव्या नव्या होत्या तेव्हा भट्टी हळूहळू चढवली, म्हणून थर बसला; या वेळी थर आहेच असं समजून ती एकदम पूर्ण जोरात चालवली. दिसते ती राख जाड असते, ती जवळच पडते. खरी वाईट ती बारीक. ती फुप्फुसात खोल जाते आणि बाहेर येत नाही. आणि कोळशात कणाकणाने पारा असतो, भट्टीत त्याची वाफ होते. पिशवीवर राखेचा थर असला तर त्यातला थोडा तरी पारा तिथे अडकतो. नसला तर सगळा वर जातो, कुठेतरी पावसाबरोबर तळ्यात उतरतो आणि माशांच्या पोटात साठतो.

"मासलीत?" कृष्णाबाई दचकली. इतका वेळ तिने शिव्या खाली मान घालून ऐकल्या होत्या, पण मासळी म्हटल्यावर आगरी माणूस गप्प कसा बसेल? लेक बाजूच्या तळ्याची मासळी आणून उन्नतीला भरवते, हे तिला माहीत होतं. "म्हंजे मी पोरीला दोन्हीकडून ईख पाजलं," ती म्हणाली आणि तिथेच रडली. साहेब गडबडले. एवढ्या लवकर तसं होत नाही हो बाई, असं त्यांनी दोन-तीनदा सांगितलं.

उपाय काही आभाळातून आणायचा नव्हता. साहेबांनी त्याच दिवशी युनिट थांबवलं. चुन्याची बारीक भुकटी मागवली आणि पंख्याच्या ओढीने ती पिशव्यांवर बसवली. गेरूचा हातच म्हणा ना! पुढे हळूहळू राख येऊ दिली. चौथ्या-पाचव्या दिवशी चिमणी निवळली. साहेब फ्रेडरिकला म्हणाले, "आणखी आठवडाभर असंच चाललं असतं तर बारीक राख कापडाच्या पोटात शिरून सगळ्या पिशव्या कायमच्या वाया गेल्या असत्या. मग तुम्ही खरे असून काही उपयोग नव्हता." काम वालीवकडेच राहिलं.

कल्पेशला मात्र भोवलं. साहेबांनी त्याला काढू दिलं नाही, बाईच्या शब्दामुळे म्हणा किंवा पोरीच्या खोकल्यामुळे म्हणा. पण ठेकेदाराने त्याला गाळणखोलीतून उचलला आणि कोळशाच्या यार्डात टाकला. उन्हातान्हात, काळ्या धुळीत, पगारही कमी. मुकादम जागच्या जागी राहिला. तशी माणसं राहतातच.

निघताना स्वप्नाली दारापर्यंत आली नाही. फ्रेडरिकला सगळं कळलं होतं. गाडीत त्याने पुन्हा केळी पुढे केली. "मावशी, तुम्ही माझी शेड वाचवलीत," तो म्हणाला. कृष्णाबाई फटकन म्हणाली, "तुमची शेड गेली खड्ड्यात. माझी पोर बोलत नाय माझ्याशी." मग केळं घेतलं आणि खाल्लं.

वालीवला आल्यावर ज्या पोरीला बोलली होती तिच्यासमोर ती जाऊन उभी राहिली. "चूक माझी होती, बाय," एवढंच म्हणाली. बाया चकित झाल्या. कृष्णाबाई चुकते हीच त्यांना नवी बातमी होती.

लेकीचा फोन आला नाही. दिवाळीला नाही, होळीला नाही. खुशाली कळायची ती कल्पेशकडून, तीही चार शब्दांत. टेबलावरचा फोन वाजला की बाईचं यंत्र थांबायचं. बायांना ते कळायचं, पण कोणी चेष्टा केली नाही. एकदोनदा तिनेच फोन लावला. पलीकडून उन्नती बोलायची, "आजी, आई कामात आहे." बाई म्हणायची, "असूं दे, तू बोल." आणि पोरीचा श्वास कान देऊन ऐकायची. घरघर नव्हती. तेवढ्यावर ती आठवडा काढायची.

मग पुन्हा दसरा आला. शेड धुऊन झाली, यंत्रांना हार पडले, फ्रेडरिकने नारळ फोडला. बाया प्रसाद वाटत होत्या आणि टेबलावर फोन वाजला. फ्रेडरिकने उचलला, ऐकलं आणि कृष्णाबाईपुढे धरला.

"आये."

कृष्णाबाईने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"आये, सकाली रांगोली घातली होती. जूचंद्रासारखी मोठी, आख्खं अंगन भरून. आता दुपार झाली." स्वप्नाली थांबली. "पांढरीच हाय गं."

कृष्णाबाईने पदराने डोळे पुसले. मग तिला जे पहिलं सुचलं तेच तिने विचारलं, "पिशव्यांना कोनी हात लावला नाय ना?"

पलीकडे लेक हसली. वर्षभरानंतर बाईने ते हसू ऐकलं. "नाय. साहेबांनी दाराला पाटी लावलीय. हार बाहेरून घातला. आनि यांना परत आत घेतलंय साहेबांनी, पुढच्या महिन्यापासून."

"देवी पावली."

"दिवाळीला येतो आमी. सगली."

"ये बाय, ये. मी अंगन सारवून ठेवते, भिंतींना चुना—"

"आये," स्वप्नाली म्हणाली, "राहू दे थोडा धुरळा. उन्नतीला मातीत खेलायचंय."